जनावरांची सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण: लम्पीपासून भटक्या कुत्र्यांच्या निकालापर्यंत

ऑगस्ट २०२५ पासून भटक्या कुत्र्यांचा प्रश्न पुन्हा पुन्हा बातम्यांत येतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी, लसीकरण आणि जंतांचे औषध झाल्यावर कुत्रे त्याच भागात परत सोडावे, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नये, आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात ठरावीक जागा असावी, असे सांगितले. त्याच वेळी या प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढवली. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवावीत आणि त्यांना तिथेच परत सोडू नये.

या चर्चेत दोन बाजू ऐकू येतात. एक, कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईवडिलांची. दुसरी, प्राणीप्रेमींची. दोन्हींकडचे दुःख खरे आहे. पण आदेश कोणताही असो, तो अमलात आणणारी माणसे वेगळीच असतात. जाळे धरणारा मनपाचा कामगार, नसबंदी केंद्रात जखमा साफ करणारा मुलगा, रोज संध्याकाळी गल्लीत भाकरी घेऊन जाणारी ताई, रात्री दोन वाजता अपघाताचा फोन उचलणारा स्वयंसेवक. त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, याची वैद्यकीय बाजू या लेखात मांडली आहे. जळगाव-धुळे भागात आपल्या घरात, नात्यात किंवा शेजारी असे काम करणारे कोणी असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही आहे.

खान्देशाने हा ताण आधीही पाहिला आहे

२०२२ च्या लम्पी साथीत महाराष्ट्रातील पहिली नोंद ४ ऑगस्टला झाली, ती जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात. पोळा तीन आठवड्यांवर आला होता. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज, चारा सोडलेली जनावरे गोठ्यागोठ्यांत दिसू लागली. गुरांचे बाजार बंद झाले. पशुवैद्यकीय डॉक्टर आणि पशुधन पर्यवेक्षक गावोगाव फिरून शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचत होते. लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे त्यांना या आजाराची लागण होण्याची भीती नव्हती. पण गोठ्यात शिरल्यावर शेतकरी विचारायचा तो प्रश्न एकच असे, "डॉक्टर, वाचेल का हो?" लस ही आजार टाळण्यासाठी असते. आजारी पडलेल्या जनावराला ती बरे करत नाही. त्यामुळे अनेक गोठ्यांत या प्रश्नाला खात्रीचे उत्तर देणे शक्यच नव्हते.

सरकारने मेलेल्या जनावरांसाठी भरपाई जाहीर केली. दुधाळ जनावराला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. शेतकऱ्यासाठी ती आवश्यकच होती. मात्र रोज मरण पाहणाऱ्या, खड्डे खणून घेणाऱ्या आणि घरी जाऊन गप्प बसणाऱ्या माणसांची विचारपूस अशा योजनेत बसत नाही.

त्याआधी, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात जाहीर झाला. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. तिथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ मध्ये त्याच नवापुरात पुन्हा तीच वेळ आली. कोंबड्या मारणाऱ्या पथकांना पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालावा लागतो, विषाणूविरोधी गोळ्या घ्याव्या लागतात, नंतर काही दिवस त्यांच्या तापावर लक्ष ठेवले जाते. ताप मोजण्याची ही पद्धत चांगली रुळली आहे. त्याच माणसांना झोप लागते का, हे विचारण्याची पद्धत तितकी रुळलेली नाही.

अशा वेळी विचारले तर काय समजते, याचे उत्तर ब्रिटनमध्ये मिळाले. २००१ मध्ये तिथे लाळ्या-खुरकूतच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. कंब्रिया भागातील ५४ लोकांनी त्यानंतर दीड वर्ष दर आठवड्याला डायरी लिहिली. त्यात शेतकरी होते, तसेच जनावरे मारण्याच्या आणि विल्हेवाटीच्या कामावरचे लोकही होते. २००५ मध्ये हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. साथ संपल्यावरही अनेकांना त्या दृश्यांची आठवण अचानक उसळून येत होती, सरकारी यंत्रणेवरचा विश्वास उडाला होता, आणि बहुतेकांनी आपला त्रास कोणत्याही डॉक्टरला सांगितला नव्हता. साथ संपल्याची घोषणा झाली म्हणून मनावरचा परिणाम संपत नाही, हा यातला आपल्यासाठीचा धडा आहे.

नेमके काय होते? चार वेगवेगळे त्रास

लोक सरसकट "टेन्शन आहे" म्हणतात. उपाय मात्र वेगवेगळे असल्याने फरक समजून घेणे उपयोगी ठरते.

१. कामाचा थकवा (बर्नआउट). काम जास्त, हात कमी, पैसा अपुरा. माणूस हळूहळू कोरडा पडतो, चिडचिडा होतो, "करून काय उपयोग" असे म्हणू लागतो. जागतिक आरोग्य संघटना याला आजार मानत नाही, कामाच्या परिस्थितीतून निर्माण होणारी अवस्था मानते. त्यामुळे इथे उपचार आधी कामाच्या व्यवस्थेवर करायला हवा, माणसावर नंतर.

२. करुणेचा थकवा. 'कम्पॅशन फटिग' हा शब्द १९९० च्या दशकात परिचारिकांच्या संदर्भात वापरात आला. दुसऱ्याचे दुःख सतत अंगावर घेतल्याने हा थकवा येतो. ज्याला जास्त माया, त्याला तो जास्त. पूर्वी जखमी पिल्लू पाहून धावणारा माणूस आता फोन वाजला की फोनकडे नुसता बघत बसतो, आणि मग स्वतःलाच निर्दयी म्हणतो. तो निर्दयी झालेला नसतो. मन स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेते.

३. विवेकाला लागलेली जखम. जे मनाला पटत नाही ते करावे लागणे किंवा उघड्या डोळ्यांनी पाहावे लागणे. बरा न होणारा, तडफडणारा प्राणी असेल तर कायद्याने पात्र पशुवैद्यकाला त्याला वेदनारहित मरण देता येते. तो निर्णय योग्य असतो, तरी ज्याने त्या प्राण्याला महिनाभर खाऊ घातले त्यानेच त्याला शेवटी धरून ठेवायचे असते. संशोधक याला काळजी घेणे आणि मारणे यांतला विरोधाभास म्हणतात. आता नव्या आदेशांनंतर त्यात भर पडली आहे. आपणच माणसाळवलेले, हाकेला येणारे कुत्रे सर्वांत आधी पकडले जाते, कारण ते पळत नाही. हे पाहणाऱ्याला "माझ्यावरच्या विश्वासामुळे ते सापडले" असे वाटत राहते.

४. ज्याला कोणी दुःख मानत नाही असे दुःख. घरात माणूस गेले तर दहावे-तेरावे होते, लोक भेटायला येतात, रडायला मुभा असते. कुत्रे गेले तर "कुत्रंच तर होतं" असे ऐकावे लागते. बैल गेला तर निदान शेतकरी घरात चूल थंड असते. गल्लीतल्या कुत्र्यासाठी किंवा गोशाळेतल्या म्हाताऱ्या गाईसाठी तेवढेही नाही. व्यक्त न झालेले दुःख जास्त काळ टिकते.

हे चारही एकाच माणसात एकत्र असू शकतात. शिवाय एखादा भयंकर प्रसंग पाहिल्यानंतर त्याची स्वप्ने पडणे, ते दृश्य डोळ्यांसमोर येणे, त्या जागेकडे जाणे टाळणे, दचकणे, हे एका महिन्याहून अधिक टिकले तर तो आघातोत्तर ताणाचा विकार (पीटीएसडी) असू शकतो. त्यावर वेगळे उपचार आहेत.

त्रास सर्वांना सारखा होत नाही

"प्राणीप्रेमी" म्हटले की सोशल मीडियावर फोटो टाकणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या कामात फार वेगवेगळे लोक आहेत.

कुत्री पकडणारे आणि विल्हेवाट लावणारे कामगार. बहुतेक कंत्राटी असतात. लोक एकीकडे त्यांना बोलावतात आणि दुसरीकडे शिव्या देतात. ते "मला नैराश्य आले" असे म्हणत नाहीत. संध्याकाळी दारू वाढते, घरात भांडण वाढते.

खाऊ घालणाऱ्या महिला. यांचा मोठा ताण माणसांकडून येतो. शेजाऱ्यांची बोलणी, सोसायटीतली भांडणे, मोबाईलवर चित्रण करून धमकावणे. घरातूनही "जगाची सेवा करते आणि घराकडे लक्ष नाही" असे ऐकावे लागते. खाऊ घालण्याच्या जागा ठरल्या आणि त्यावर पाटी लागली, तर हा ताण औषधाशिवाय बराच कमी होईल. नियम आधीपासून आहे, तो प्रत्येक प्रभागात उतरायला हवा.

सर्पमित्र. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांना ओळखपत्र आणि १० लाख रुपयांचा अपघात विमा देण्याचा विचार पुढे आणला. दंशाचा धोका ओळखला गेला हे चांगले आहे. पण पावसाळ्यात रात्ररात्र फोन घेणे, घरच्यांचा जीव टांगणीला लागणे आणि सोबतचा सर्पमित्र दंशाने गेल्याचे दुःख, हे विम्यात मोजले जात नाही.

पशुवैद्यक. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पशुवैद्यकांत आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा पुरुषांत २.१ पट आणि स्त्रियांत ३.५ पट आढळले. हे आकडे तिथले आहेत, इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण कामाचा ताण, एकटेपणा आणि हाताशी असलेली घातक औषधे ही कारणे इथेही लागू पडतात.

शाळा-कॉलेजची मुले. उत्साहाने येतात, पहिल्याच महिन्यात मरण पाहतात, आणि घरी सांगत नाहीत. कारण सांगितले तर काम बंद होईल.

घरच्यांना आधी काय दिसते?

मनाचा त्रास आपल्याकडे बहुधा शरीराच्या वाटेने दवाखान्यात येतो. ॲसिडिटी, डोके जड होणे, छातीत धडधड, पाठदुखी, वाढलेला रक्तदाब. तपासण्या नॉर्मल येतात. अशा वेळी डॉक्टरांना एवढे जरूर सांगा की ही व्यक्ती जनावरांचे काम करते. पुढील बदलही लक्षात घ्या.

- झोप उडणे, किंवा पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे
- जेवताना मध्येच ताट सरकवणे, वजन उतरणे
- फोन वाजला की दचकणे, किंवा फोन क्षणभरही हातातून न ठेवणे
- माणसांचा तिटकारा: "माणसापेक्षा जनावर बरं" हे वाक्य विनोदाने नव्हे, तर कडवटपणे येऊ लागणे
- उसने पैसे काढून उपचार करणे, घरात न झेपतील एवढे प्राणी आणून ठेवणे
- दारू, तंबाखू किंवा झोपेच्या गोळ्या वाढणे
- एखाद्या प्राण्याच्या मृत्यूचा दोष स्वतःला देत राहणे

घरच्यांनी काय करावे, काय टाळावे?

"सोडून दे ते सगळे" हा सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा सल्ला आहे. या कामातून त्या माणसाला समाधानही मिळते, आणि ते समाधान हेच थकव्यावरचे एक औषध असते. काम तोडण्याऐवजी त्याला मर्यादा घालायला मदत करा.

"दादा, आज काय झालं ते सांगायचंय का? नाही सांगितलंस तरी चालेल," एवढे म्हणणे पुरेसे असते. उपाय सुचवू नका, तुलना करू नका, फक्त ऐका. एखादा प्राणी गेला असेल तर त्याचे नाव घेऊन बोला. पुरताना सोबत जा. आठवड्यातून एक संध्याकाळ फोन तुम्ही सांभाळा. आणि आर्थिक गोष्टी लपवाछपवीवर जाण्याआधी, महिन्याला यासाठी किती खर्च करायचा हे घरात बसून ठरवा.

स्वतः काम करणाऱ्यांसाठी: आज वाचवता न आलेल्या प्राण्यांसोबत आज काय करता आले, हेही वहीत लिहा. काम संपल्यावर अंघोळ आणि कपडे बदलणे हा घर आणि काम यांतला उंबरठा समजा. जखमी प्राण्यांचे व्हिडिओ झोपण्याआधी पाहू नका. प्रत्यक्ष पाहिलेले दुःखच पुष्कळ असते, त्यात शंभर गावांचे दुःख मोबाईलवरून घेण्याची गरज नसते. आपल्या भागात उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेरची कामे टाळा, कारण पाण्याची कमतरता आणि अपुरी झोप यांनी मनाचा तोलही लवकर जातो.

आणखी एक गोष्ट. रेबीजची भीती हा या कामातला रोजचा छुपा ताण आहे. कुत्र्या-मांजरांना हाताळणाऱ्या प्रत्येकाने चावा होण्याआधीच घ्यायची रेबीज प्रतिबंधक लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. त्यानंतरही चावा झाला तर १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवून दवाखान्यात जायचेच. पण आधी लस पूर्ण झालेली असेल तर सहसा दोनच डोस लागतात आणि जखमेत टोचायचे सिरम लागत नाही.

संस्था, गोशाळा आणि महापालिकांनी काय करावे?

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. योगासने करा, सकारात्मक राहा, असे सांगून व्यवस्थेची जबाबदारी माणसावर ढकलता येत नाही. पुढील गोष्टींना फार पैसा लागत नाही.

- रात्रीच्या फोनची पाळी लावा. एकाच माणसाचा नंबर गावभर फिरणे थांबवा. गुराढोरांसाठी १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा क्रमांक लोकांना सांगा.
- किती प्राणी घेऊ शकतो याची संख्या ठरवा आणि ती भरल्यावर "नाही" म्हणण्याचे काम एकट्या स्वयंसेवकावर टाकू नका. नाही म्हणणारी समिती असावी.
- वेदनारहित मृत्यूचा निर्णय पशुवैद्यकाचा, लेखी आणि कारणासह असावा. ज्याने त्या प्राण्याची काळजी घेतली त्याला हजर राहायचे की नाही, हे त्याने ठरवावे. एकाच माणसाला रोज हे काम देऊ नये.
- भूल आणि मरण देण्याची औषधे कुलपात, नोंदवहीसह आणि दोघांच्या सहीने. चोरी रोखण्याइतकेच हे जीव वाचवण्यासाठीही महत्त्वाचे आहे.
- कुत्री पकडायला जाणाऱ्या पथकासोबत लोकांशी बोलणारा एक जबाबदार अधिकारी असावा. जमावाला तोंड देणे हे जाळे धरणाऱ्याचे काम नव्हे.
- एखादा वाईट प्रसंग घडल्यावर सगळ्यांना बसवून जे पाहिले ते सविस्तर सांगायला लावू नका. अशा एकाच बैठकीच्या सक्तीच्या चर्चेचा फायदा संशोधनात दिसलेला नाही, काहींचा त्रास त्याने वाढूही शकतो. त्याऐवजी चहा, विश्रांती, घरी सुखरूप पोहोचवणे आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस, हे करा. ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्या.

पुढच्या साथीच्या वेळी लस, खड्डा आणि भरपाई यांच्या नियोजनात कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीचे आणि महिन्याभराने त्यांच्या मानसिक तपासणीचे एक कलम असायला हवे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम अस्तित्वात आहे. पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन विभागांनी एकमेकांना पत्र लिहिले तरी सुरुवात होऊ शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे. महिन्याहून अधिक काळ तीच दृश्ये किंवा स्वप्ने. रोज दारू लागणे. कामावर किंवा घरात रोजचे व्यवहार अडणे. यांपैकी काहीही असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय येथे मानसोपचार विभागात दाखवता येते.

उपचार म्हणजे लगेच गोळ्या असे नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे समुपदेशन, आघातासाठीचे खास समुपदेशन यांचा चांगला उपयोग होतो. नैराश्यावरच्या गोळ्या लागल्याच तर त्यांची सवय लागत नाही. मात्र परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःहून मेडिकलमधून आणू नका. त्यांची सवय लागू शकते.

तातडीची लक्षणे: "मी नसलेलंच बरं", "आता सुटका हवी" असे बोलणे, निरवानिरव करणे, आपले प्राणी अचानक दुसऱ्यांना सोपवणे. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, घातक औषधे आणि कीटकनाशके तिच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, आणि "जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जीवाला तत्काळ धोका असेल तर ११२ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.